करारमुक्त बचावपटू आणि बचावफळीचा प्रश्न

क्लबशी असलेला करार संपलेला आणि नवा करार न केलेला व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणजे करारमुक्त खेळाडू. चाहते त्याला सरसकट फ्री एजंट म्हणतात. त्याला घेताना जुन्या क्लबला बदलीचे पैसे मोजावे लागत नाहीत, म्हणून मोसमभर गोल खाल्लेल्या संघाच्या चाहत्यांना हा उपाय सर्वांत सोपा वाटतो, आणि दर उन्हाळ्यात सर्वांत जास्त वादही त्यावरच होतात. एक बाजू म्हणते, पैसा वाचतो, अनुभवी माणूस मिळतो, मग थांबायचे कशाला. दुसरी विचारते, इतका चांगला होता तर जुन्या क्लबने सोडला कसा. दोन्ही बाजू खऱ्या ठरल्याची उदाहरणे आहेत. मराठी चाहत्याच्या सर्वांत जवळची उदाहरणे मुंबई सिटी एफसीच्या २०२० ते २०२५ या काळातल्या बचावफळीत सापडतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या दक्षिणेला असलेल्या हैदराबादच्या क्लबने या प्रश्नाची एक वेगळीच, कडवट बाजू दाखवली.

करार संपल्यावर खेळाडू मोकळा, हे आज गृहीत धरले जाते; पण ते तसे नव्हते. बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमन याचा लीजच्या क्लबशी असलेला करार १९९० मध्ये संपला. त्याला फ्रान्सच्या डंकर्क क्लबकडे जायचे होते, पण पैसे मिळाल्याशिवाय सोडायला जुना क्लब तयार नव्हता. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल लागला: करार संपलेल्या खेळाडूसाठी बदलीची रक्कम मागता येणार नाही. पुढे फिफाच्या नियमांतही हेच तत्त्व आले. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार आधीच करू शकतो. नोंदणीची खिडकी बंद होण्यापूर्वी ज्याचा करार संपलेला असतो, त्याची नोंदणी खिडकीबाहेरही करता येते. मधल्या मोसमात सेंटर बॅक जायबंदी झाला की चाहते आधी मोकळ्या खेळाडूंची यादी का काढतात, याचे कारण या नियमात आहे.

मोकळे होण्याचे मार्ग मात्र एकसारखे नाहीत, आणि खेळाडूचे मोल ठरवताना हा फरक सर्वांत आधी पाहायला हवा. कोणाचा करार मुदतीनुसार संपतो. कोणी क्लबशी आपसात ठरवून बाहेर पडतो. कोणाचा क्लबच बंद पडतो. महाराष्ट्राला हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये गाशा गुंडाळला, पुणे एफसी २०१५ मध्ये आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये मैदानाबाहेर गेली, २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी थांबली. अशा वेळी बाजारात येणारा बचावपटू कोणी नाकारलेला नसतो. त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते. चौथा मार्ग थकलेल्या पगाराचा. फिफाच्या नियमानुसार किमान दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकवला, तर खेळाडू लेखी सूचना देऊन, पंधरा दिवसांची मुदत देऊन करार मोडू शकतो. ‘सोडला कसा’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून दरवेळी खेळाडूच्या पायांकडे बोट दाखवणे अन्यायाचे आहे.

बचावफळीच्या बाबतीत हा प्रश्न अवघड होतो, कारण बचावपटू एकटा खेळत नाही. आघाडीचा खेळाडू आल्या आल्या एका संधीचे सोने करू शकतो. सेंटर बॅकला शेजारच्याचे पाऊल ओळखावे लागते. ऑफसाइडची रेषा धरून चौघांनी एकाच क्षणी पुढे सरकायचे असते; एक जण अर्धा सेकंद मागे राहिला की समोरचा स्ट्रायकर मोकळा सुटतो. कॉर्नरला कोणी जागा धरायची आणि कोणी माणूस, गोलरक्षक पुढे आला तर मागची जागा कोणी झाकायची, पहिला हेडर कोणाचा आणि खाली पडणारा दुसरा चेंडू कोणाचा, हे सरावात घोटून बसते. म्हणून कोण येणार यापेक्षा तो कोणाच्या शेजारी उभा राहणार, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि चाहत्यांच्या वादात नेमका तोच मागे पडतो.

इंडियन सुपर लीगच्या नियमांनी या प्रश्नाला आणखी एक पीळ दिला आहे. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू उतरवता येऊ लागले. चारपैकी एक जागा सेंटर बॅकला दिली तर आघाडीची किंवा मधल्या फळीची एक जागा कमी होते. दोन दिल्या तर पुढे गोल कोणी करायचे हा प्रश्न उभा राहतो. पगारावर एकूण मर्यादा असल्याने बदलीची रक्कम वाचली तरी मोकळ्या खेळाडूचा पगार त्या मर्यादेत बसवावाच लागतो. मोकळा खेळाडू हे जाणून असतो. जुन्या क्लबला जाणारे पैसे वाचले आहेत, तर त्यातला वाटा आपल्याला पगारात आणि करारावर सही करतानाच्या रकमेत मिळावा, अशी त्याची आणि त्याच्या एजंटची मागणी असते, आणि ती रास्तही आहे.

मुंबई सिटीची स्थापना २०१४ ची. पहिली काही वर्षे चाहत्यांना आनंद थोडा आणि हळहळ जास्त मिळाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबमध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२० मध्ये एफसी गोवाचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईला आले. त्यांच्यामागोमाग गोव्याहून सेनेगलचा उंचापुरा सेंटर बॅक मुर्तदा फॉल आला, मधल्या फळीत अहमद जाहू आला, डाव्या बाजूला गोव्याचा मंदार राव देसाई आला. फॉल तेव्हा बत्तिशीत होता. वय पाहून नाक मुरडायला जागा होती, पण तो लोबेरांची पद्धत कोळून प्यायलेला होता. त्याला रेषा शिकवावी लागली नाही. त्यानेच ती इतरांना शिकवली. शेजारी ईस्ट बंगालमधून आलेला तरुण मेहताब सिंग घडत गेला. त्याच मोसमात मुंबईने साखळीत पहिल्या क्रमांकाची ढाल आणि अंतिम सामन्याचा करंडक दोन्ही जिंकले. ओळखीच्या प्रशिक्षकाकडे आलेला ओळखीचा बचावपटू हा मोकळ्या बाजारातला सर्वांत सुरक्षित सौदा असतो, आणि फॉल त्याचा भारतातला सर्वांत ठसठशीत दाखला आहे. या सौद्याला दुसरी बाजूही आहे. अशा खेळाडूची निष्ठा पद्धतीशी असते. २०२३ मध्ये लोबेरा ओडिशा एफसीला गेले, तेव्हा फॉल आणि जाहू दोघेही तिकडे गेले.

फॉलची जागा भरायला मुंबईने जो निवडला, त्यावरून चाहत्यांत खरी जुंपली. होसे लुइस एस्पिनोसा अरोयो, म्हणजे टिरी, जुलै १९९१ चा जन्म. कोलकात्याचा एटीके, जमशेदपूर आणि पुन्हा कोलकात्यात एटीके मोहन बागान असा भारतात मुरलेला स्पॅनिश सेंटर बॅक. मे २०२२ मध्ये एएफसी कपमध्ये गोकुलम केरळाविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा गेला आणि २०२२-२३ चा सगळा मोसम बुडाला. वर्षभर सामना न खेळलेला, बत्तिशीला टेकलेला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला बचावपटू, आणि त्याच्यावर चारपैकी एक परदेशी जागा खर्च करायची, ही शंका निराधार नव्हती. मुंबईच्या चाहत्यांना त्याची आणखी एक आठवण होती. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला झालेल्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागान १-० पुढे असताना जाहूने स्वतःच्या अर्ध्यातून लांब पास टाकला. बिपिन सिंग मागून धावत होता. टिरीने चेंडू तोडायला स्वतःला झोकून दिले, डोक्याला लागलेला चेंडू पुढे आलेल्या गोलरक्षकाच्या आवाक्याबाहेरून जाळ्यात गेला. स्वयंगोल. बरोबरी झाली आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिनने मुंबईला विजेते केले.

त्या एका क्षणावरून टिरीला तोलणारे चाहते एक गोष्ट विसरत होते. त्याच मोसमात साखळीत सर्वांत कमी गोल खाल्लेला संघ टिरीचाच होता. शेजारी होता संदेश झिंगन, आणि झिंगनही मोकळ्या बाजारातूनच आलेला. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याचा २०१९-२० चा मोसम वाया गेला होता, २०२० मध्ये केरळा ब्लास्टर्सशी संमतीने फारकत झाली आणि तो कोलकात्याला आला. त्या मोसमानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवले. ही जोडी २०२१ मध्ये फुटली, झिंगन क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबकडे गेला, आणि १ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई सिटीने त्याच एटीके मोहन बागानला ५-१ असे हरवले. एका पराभवाची कारणे अनेक असतात, पण बचावातली जोडी मोडल्यावर काय होते याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो.

टिरीबाबत क्लबचा हिशेब बरोबर ठरला. २०२३-२४ च्या मोसमात मध्येच प्रशिक्षक बदलले, डेस बकिंगहॅम इंग्लंडला गेले आणि पीटर क्रॅटकी आले. ढाल शेवटच्या सामन्यात मोहन बागानने नेली. पण ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्याच प्रेक्षकांसमोर, मुंबईने अंतिम सामना ३-१ असा जिंकला. दुखापतीतून उठलेल्या बचावपटूला घेताना वैद्यकीय तपासणी सहीच्या आधीच नीट करावी लागते, कारण करार तपासणीच्या निकालावर अवलंबून ठेवायला फिफाचा नियम मनाई करतो. सही झाली की गुडघा क्लबचा.

या तपासणीचे मोल मुंबई सिटीला आधीपासून माहीत होते. २०१८ मध्ये क्लबने अन्वर अली हा गुणी तरुण सेंटर बॅक घेतला होता. २०१९ मध्ये त्याच्या हृदयाच्या स्नायूचा विकार निघाला आणि मुंबईसाठी तो खेळूच शकला नाही. पुढे न्यायालयाची दारे ठोठावून तो मैदानावर परतला, दिल्ली एफसी, एफसी गोवा, मोहन बागान असा प्रवास करत भारताच्या संघात गेला. २०२४ मध्ये मोहन बागानशी असलेला उसनवारीचा करार मोडून तो ईस्ट बंगालला गेला, तेव्हा महासंघाच्या समितीने चार महिन्यांची बंदी आणि १२.९० कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. खेळाडू स्वतःला मोकळा समजतो म्हणून तो मोकळा असतोच असे नाही, हे या प्रकरणातून देशभरच्या क्लबांना कळले.

मराठी चाहत्याच्या दृष्टीने या सगळ्या विषयाच्या मध्यभागी असायला हवा तो राहुल भेके. मुंबईचा मुलगा, जन्म १९९०. ईस्ट बंगाल, केरळा ब्लास्टर्स, पुणे सिटी करत तो २०१७ मध्ये बंगळुरू एफसीला पोचला. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत एफसी गोवाविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत गेला. ११७ व्या मिनिटाला दिमास देल्गादोच्या कॉर्नरवर भेकेने उडी घेऊन हेडर मारला आणि बंगळुरूला इंडियन सुपर लीगचा पहिला करंडक मिळाला. करार संपल्यावर २०२१ मध्ये तो मोकळा खेळाडू म्हणून आपल्या शहराच्या क्लबला आला. उजवा फुलबॅक म्हणून खेळतो, गरज पडली तर सेंटर बॅक म्हणून. परदेशी जागा अडवत नाही. संघातल्या मुलांना हाक मारून जागेवर ठेवतो. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवले. एएफसी चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा तो पहिला विजय होता आणि विजयी गोल भेकेच्या हेडरचा होता. २०२२-२३ मध्ये मुंबईने ४६ गुण आणि ५४ गोल करून ढाल जिंकली, त्या फळीतही तो होता. सॉल्ट लेकवरचा २०२४ चा करंडक त्याने कर्णधार म्हणून उचलला. एकाही रुपयाची बदली रक्कम न देता आलेल्या खेळाडूने यापेक्षा जास्त काय द्यायचे?

आणि त्याच उन्हाळ्यात तो तसाच, एकाही रुपयाची बदली रक्कम न आणता, बंगळुरूला परत गेला. मोकळ्या बाजाराचे हे दुसरे पान चाहते वाचायचे टाळतात. ज्या नियमाने खेळाडू आत येतो त्याच नियमाने बाहेर जातो. तिशी ओलांडलेल्या बचावपटूला वाढीव करार देताना क्लब हात आखडतो, खेळाडूला मात्र कारकिर्दीतला हा शेवटचा मोठा करार असतो. दोघांचे गणित आपापल्या जागी बरोबर असते. २०२४-२५ मध्ये मुंबई सहाव्या क्रमांकावर आली आणि २९ मार्च २०२५ रोजी बाद फेरीत बंगळुरूने तिला ५-० असे धुतले. मुंबईला भेकेची जागा भरता आली नव्हती, असे म्हणायला हा एक निकाल पुरेसा नाही. आघाडीचा होर्खे परेरा डियाझही त्याच उन्हाळ्यात मुंबईहून बंगळुरूला गेलेला होता, हे इथे नोंदवायला हवे.

जगभरचा अनुभव याला धरूनच आहे. सोल कॅम्पबेल २००१ मध्ये करार संपवून टॉटनहॅमहून थेट शेजारच्या आर्सेनलला गेला. पहिल्याच मोसमात दोन करंडक आले आणि २००३-०४ मध्ये आर्सेनल साखळीत अपराजित राहिला. थियागो सिल्वा ३५ व्या वर्षी पॅरिसहून चेल्सीला आला आणि २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकला. अलाबा २०२१ मध्ये आणि रुडिगर २०२२ मध्ये रेआल माद्रिदला असेच आले. उलट बाजूला सर्जिओ रामोस आहे: २०२१ मध्ये वाजतगाजत पॅरिसला गेला आणि दुखापतीमुळे पहिला सामना खेळायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. नाव मोठे असल्याने पाय ताजे राहत नाहीत.

चंद्रपूर आणि गडचिरोलीतून पाहिले तर नकाशा वेगळा दिसतो. इथून मुंबई आठशे किलोमीटरांहून लांब. बल्लारशाहहून काझीपेठमार्गे हैदराबाद त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर, आणि सिरोंचाला तर नदी ओलांडली की तेलंगण. त्यामुळे काही वर्षे या जिल्ह्यांना सर्वांत जवळचा वरच्या दर्जाचा क्लब होता हैदराबाद एफसी, आणि तो उभा राहिला होता पुणे सिटीची जागा घेऊन. २० मार्च २०२२ रोजी त्याने केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून करंडक जिंकला. बचावात चिंगलेनसाना सिंग होता. दोन वर्षांत पगार थकले. २०२३-२४ च्या मोसमात परदेशी खेळाडू निघून गेले, जानेवारी २०२४ मध्ये चिंगलेनसाना आणि निखिल पुजारी बंगळुरूला गेले, संघ तळाला गेला. २०२५ मध्ये क्लबच दिल्लीला हलला. हैदराबादच्या गच्चीबावलीतल्या घरच्या मैदानावरून अशी माणसे उठून जाताना इतर क्लबांचे चाहते कोणता बचावपटू आपल्याला मिळेल याची चर्चा करत होते. चर्चा स्वाभाविक आहे. पण तिथल्या खेळाडूंना आणि त्यांच्या घरच्यांना ते महिने बिनपगारी गेले, हेही त्या चर्चेत यायला हवे. जुलै २०२५ मध्ये लीगच्या आयोजकांनी पुढचा मोसम थांबवल्याचे कळवले, तेव्हा हीच अनिश्चितता जवळजवळ सगळ्या क्लबांच्या वाट्याला आली.

मराठी मुलखात हा वाद सर्वांत तापतो तो कोल्हापुरात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस अशी तालीम मंडळे आणि क्लब तिथे पेठेच्या अभिमानाने खेळतात. मोसमाआधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे खेळाडूंची नोंदणी होते, आणि कोण कोणत्या तालमीकडून नोंदला गेला यावर कट्ट्याकट्ट्यावर बोलणे चालते. बाहेरगावचा किंवा आफ्रिकेतून आलेला दणकट बचावपटू घेतला की सामने जिंकता येतात. पण त्याच जागेसाठी पेठेतला एखादा मुलगा तीन मोसम थांबलेला असतो. शाहू स्टेडियमवरचा प्रेक्षक दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागतो. दोन्ही मिळण्याचा मार्ग फॉल आणि मेहताबने दाखवलेला आहे: बाहेरचा अनुभवी माणूस अशाच्या शेजारी उभा करायचा, ज्याला तो काही शिकवून जाईल.

चंद्रपूर-गडचिरोलीत व्यावसायिक क्लब नाही. इथे शाळा, महाविद्यालय आणि स्थानिक मंडळांकडून खेळणारा मुलगा हौशी असतो, त्याचा करारच नसतो. तरीही मोकळ्या बाजाराचा परिणाम त्याच्या मंडळापर्यंत पोचतो. करार चालू असताना पैसे देऊन बदली झाली, तर फिफाच्या नियमानुसार त्या रकमेतले पाच टक्के खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. मोकळ्या खेळाडूच्या बदलीत रक्कमच नसते, त्यामुळे लहान क्लबांचा वाटाही शून्य होतो. मोठ्या क्लबाने वाचवलेल्या पैशाचा एक तुकडा असा कोणत्या तरी लहान गावातून गेलेला असतो. त्यावर थोडी भरपाई प्रशिक्षणाच्या मोबदल्याची आहे: खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक करार करतो तेव्हा, आणि २३ व्या वर्षापर्यंतच्या पुढच्या बदल्यांत, त्याला घडवणाऱ्या क्लबला काही रक्कम मिळू शकते. महासंघाच्या नियमांतही ही तरतूद आहे. त्यासाठी मंडळ जिल्हा संघटनेमार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी जोडलेले असावे लागते आणि मुलाचे नाव महासंघाच्या केंद्रीय नोंदणीत, तो त्या मंडळाकडून खेळत होता त्या मोसमांसह, असावे लागते. बल्लारपूर, वरोरा किंवा अहेरीच्या मैदानावरून उद्या एखादा उंच, धीट सेंटर बॅक वर गेला, तर त्याच्या पहिल्या मंडळाला काही मिळेल की नाही, हे मंडळाने मुलाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी भरलेल्या त्या नोंदणीवर ठरेल.